अकरा दादा आणि मावशींची रजा

बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात फोन लावायची एकच पद्धत होती. रिसीव्हर उचलायचा आणि म्हणायचं, "मावशी, दादाला द्या." टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या मावशी क्षणभरही न थांबता हव्या त्या दादाला फोन जोडून देत. कारखान्यात एकूण दादा किती, हे कुणी कधी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली ती मावशींनी रजा मागितली तेव्हा.

मावशी खरं तर तिथे कुणाच्याच मावशी नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी कामाला लागल्या त्या दिवशी कुणीतरी त्यांना मावशी म्हणालं, आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. या बावीस वर्षांत त्यांनी नऊ दिवस रजा घेतली होती. त्यातल्या दोन दिवशी अंगात ताप असूनही दुपारनंतर येऊन बसल्या होत्या, कारण सकाळभर कुणाचाच फोन कुणाला लागला नव्हता.

आता त्यांच्या मुलीला नववा महिना लागला होता. मुलगी दुसऱ्या गावी, रात्रभराच्या प्रवासावर. मावशी कारखान्याच्या मालकांसमोर, म्हणजे थोरल्यांसमोर, जाऊन उभ्या राहिल्या.

"दोन महिने?" थोरले म्हणाले. "म्हणजे दोन महिने कारखान्याला कुलूप लावू?"

"पहिलंच बाळंतपण आहे. सासू नाही तिला. शनिवारचं तिकीट काढलंय."

"तिकीट काढून मग विचारताय?"

"विचारून काढायला गेले असते, तर तुम्ही काढू दिलं असतं का?"

याला उत्तर म्हणून थोरल्यांनी नवी फोनयंत्रणा मागवली. "शुक्रवारपर्यंत यंत्र नीट चाललं तर शनिवारी खुशाल जा," ते म्हणाले. "नाही चाललं तर बघू."

थोरल्यांचं 'बघू' म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या मुलीला गाण्याच्या क्लासला घालायचं, याबाबत ते तिच्या लहानपणी 'बघू' म्हणाले होते. तिला आता दोन मुलं होती.

यंत्रणा विकायला जी मुलगी आली, तिला तिचे साहेब 'प्रयोगशाळा' म्हणत. तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती आणि समोरची कुठलीही वस्तू दोनदा तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. फोन, निरोप, पडद्यावरच्या बैठका, सगळं एकाच ठिकाणी आणणारी तिची यंत्रणा होती. रिसीव्हर उचलून नुसतं नाव घेतलं की ज्याचं नाव त्याचा फोन वाजणार. मध्ये माणसाची गरज नाही.

कंपनीच्या छापील फॉर्मवर सहा रकाने होते: पूर्ण नाव, हुद्दा, विभाग वगैरे. पण कारखान्यातून एक चक्कर मारल्यावर प्रयोगशाळेच्या लक्षात आलं, की इथे पूर्ण नाव कुणी घेतच नाही. तेव्हा तिने पेनाने सातवा रकाना वाढवला: 'तुम्हाला इथे काय म्हणतात?' हा रकाना तिला फार आवडला. त्यात निरीक्षण होतं.

चाळीस फॉर्म भरून आले. अकरा जणांनी लिहिलं होतं 'दादा'. सहा जणांनी 'काका', चौघींनी 'ताई', तिघींनी 'वहिनी', दोघांनी 'मामा'. तपासणी विभागातल्या काटेकोर गृहस्थांनी 'इंची' असं लिहून पुढे कंसात 'पाठीमागे' असं लिहिलं होतं. आणि स्टोअरकीपरने लिहिलं होतं 'अहो'. त्याची बायको शेजारच्याच पॅकिंग विभागात होती, आणि दिवसभरात दुसरं कुणी त्याला फारसं हाक मारत नसे.

"साहेब, अकरा दादा आहेत," प्रयोगशाळा आपल्या साहेबांना म्हणाली.

"असू देत. मोठं कुटुंब आहे."

"यंत्र विचारतंय, एकाच नावाची अनेक माणसं आहेत, सगळ्यांना एकत्र जोडू का?"

"एकत्र जोडणारी यंत्रणा म्हणूनच विकतोय ना आपण?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने 'होय' दाबलं.

गुरुवारी साडेदहाला थोरल्यांच्या खोलीत प्रात्यक्षिक ठरलं. मावशी खाली आपल्या जुन्या बोर्डापाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. "आज तुम्ही फक्त बघायचं," असं प्रयोगशाळेने त्यांना बजावलं होतं. शनिवारचं तिकीट बोर्डाच्या काचेखाली सरकवलेलं होतं.

"आता काय करू?" थोरल्यांनी विचारलं.

"रिसीव्हर उचला आणि नाव घ्या."

थोरल्यांनी घसा साफ केला. "दादा."

थोरल्यांचा दादा म्हणजे त्यांचा मुलगा. धाकटी बहीण त्याला दादा म्हणे म्हणून आईबापही म्हणू लागले होते. कारखान्याची नवी माहितीपुस्तिका तो त्या दिवशी छापायला देणार होता आणि थोरल्यांना मुखपृष्ठ पसंत नव्हतं.

कारखान्यात अकरा ठिकाणी घंटा वाजली. अकरा जणांनी एकदमच म्हटलं, "हां, बोला."

"आवाज जरा घुमतो," थोरले कौतुकाने म्हणाले.

"नवीन आहे ना," प्रयोगशाळा म्हणाली. पण तिला साहेबांनी दाबलेलं 'होय' आठवलं.

"दादा, ते आज थांबव," थोरले रिसीव्हरमध्ये म्हणाले. "मी सांगेपर्यंत हात लावू नकोस." आणि त्यांनी फोन ठेवला.

'ते' हा मोठा सोयीचा शब्द. ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं 'ते'. प्रेसवरच्या दादाने प्रेस थांबवला. मुलामा देणाऱ्या दादाने बिजागऱ्यांची जाळी टाकीतून वर ओढून हवेत लोंबकळत ठेवली. स्वयंपाकघरातल्या दादाने शेगडी बंद केली. फाटकावरचा दादा फाटक उघडत होता, ते त्याने निम्म्यावर सोडलं. ट्रकवरच्या दादाने निम्म्या फाटकात ट्रक थांबवला. आणि लिफ्टवरच्या दादाने लिफ्टच्या दांड्यावरून हात काढला.

त्या कारखान्यात माणसांसाठी वेगळी लिफ्ट नव्हती. मालाच्या लिफ्टमधूनच माणसं वरखाली जात. त्या क्षणी तिच्यात प्रयोगशाळेचे साहेब होते, हातात करारपत्रं घेऊन, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध.

"का थांबवली रे?"

"वरून हुकूम आहे."

"कुणाचा?"

"थोरल्यांचा. 'हात लावू नकोस' म्हणाले."

"कधीपर्यंत?"

"सांगेपर्यंत."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादाने अदबीने हात पाठीमागे बांधले. मग साहेबांनी लिफ्टमधला नवा कोरा फोन उचलला आणि अडचणीत सापडलेला माणूस पहिला जो शब्द उच्चारतो तोच उच्चारला. "अहो!"

स्टोअरमधला फोन वाजला.

स्टोअरकीपरचा हा चौथा फोन होता. आधी स्वयंपाकघरातून आला होता: "अहो, जेवण आज नाही का?" मग फाटकावरून: "अहो, कुणी सांगेल का, ट्रक आत घेऊ की बाहेर?" मग आराखडे विभागातल्या ताई, अगदी मंजूळ आवाजात: "अहो, ऐकताय ना?" नव्या फोनची अजून सवय नसल्याने स्टोअरकीपरने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला होता. पॅकिंगच्या आणि स्टोअरच्या मध्ये फक्त तारेची जाळी होती.

"कोण अहो म्हणतंय तुम्हाला?" जाळीपलीकडून बायकोने विचारलं.

"अगं, सगळेच म्हणतायत."

"सगळेच?"

"सकाळपासून. आता लिफ्टमधून एक पुरुषही म्हणतोय."

बायकोने हातातला खोका खाली ठेवला. "स्टोअरवाले," ती म्हणाली, "संध्याकाळी घरी या, मग बोलू." वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला 'स्टोअरवाले' म्हटल्याचं हे तिसरं उदाहरण होतं. पहिल्या दोन्ही वेळी अबोला आठवडाभर टिकला होता.

वर थोरले खिडकीपाशी गेले होते. कामाच्या दिवशी अकरा वाजता कारखान्यातून पाखरांचा आवाज ऐकू येतो, हे त्यांना नवीन होतं.

"हे असं शांत का?" त्यांनी विचारलं.

प्रयोगशाळेने आपल्या पडद्यावर पाहिलं. पडद्याच्या मते सर्व काही ठीक होतं. एक संभाषण, अकरा श्रोते, कालावधी सहा सेकंद, गुणवत्ता उत्तम.

तेवढ्यात टेबलावरचा जुना फोन वाजला.

"मावशी बोलतेय," आवाज आला. "कुणाला काय थांबवायला सांगितलंत?"

"दादाला. ती पुस्तिका."

"मग प्रेस कशाला झोपलाय? थांबा, मीच बघते." आणि खाली मावशींनी कानाला हेडफोन चढवला. त्यांनी दहा फोन केले. थोरल्यांचा मुलगा सोडून प्रत्येक दादाला त्या एकच वाक्य म्हणाल्या, "अरे, तुझं ते नव्हे. तुझं ते चालू कर." सहा मिनिटांत प्रेस धडधडू लागला, जाळी टाकीत बुडाली, शेगडी पेटली, ट्रक आत आला आणि लिफ्टमधून प्रयोगशाळेचे साहेब बाहेर आले. करारपत्रांची त्यांच्या हातात सुरळी झाली होती.

त्या दिवशी दुपारी जो तो बोर्डापाशी येऊन मावशींचं अभिनंदन करून गेला. "तुमच्याशिवाय नाही हो चालायचं!" "दोन महिने कसले, दोन तास जाऊन दाखवा!" प्रेसवरचा दादा तर हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठ्ठे जायचं नाही." मावशी सगळ्यांकडे बघून हसत होत्या. फक्त प्रयोगशाळेला दिसलं, की हसताना त्यांचा अंगठा काचेखालच्या तिकिटावरून मागेपुढे फिरतोय.

प्रयोगशाळा हट्टाला पेटली. तिने आधी दादांना क्रमांक द्यायचं ठरवलं. पण दादा नंबर एक कोण, यावर जेवणाच्या सुट्टीत असा वाद पेटला, की दोघे जण डबा न उघडताच कामावर परत गेले. 'धाकटा दादा' व्हायला कुणी तयार नव्हतं. सत्तावीस वर्षांचा सगळ्यांत लहान दादाही नाही. "मॅडम, मी चार जणांचा दादा आहे," तो म्हणाला. "घरी काय तोंड दाखवू?"

तेव्हा तिला मूळ चूक दिसली. नाव हा माणसाचा गुणधर्म धरून तिने रकाना आखला होता, आणि इथे नाव दोन माणसांच्या मध्ये असायचं. एकच माणूस एकाचा काका, दुसऱ्याचा दादा आणि तिसरीचा अहो. म्हणजे चाळीस जण, प्रत्येकाचे एकोणचाळीस, असे पंधराशे साठ चौकोन भरायला हवेत. तिने मोठा कागद घेतला, रेघा मारल्या आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसली.

मावशींना सगळं तोंडपाठ होतं. "प्रेसवाला 'काका' म्हणाला की तो तपासणीचा काका. पण ट्रकवाला 'काका' म्हणाला की तो थोरल्यांचा धाकटा भाऊ. लिही." प्रयोगशाळा भराभर लिहीत होती. तीनशे चौकोन भरले. चारशे भरले. तिच्या कानांच्या पाळ्या आनंदाने लाल झाल्या होत्या.

"आता पॅकिंगच्या वहिनी. 'अहो' म्हणाल्या की स्टोअर."

"लिहिलं."

"आणि 'स्टोअरवाले' म्हणाल्या तरी स्टोअरच. पण मग लगेच नाही जोडायचं. थोडं थांबायचं, त्याला आधी सांगायचं, की बाबा, रागात आहेत."

प्रयोगशाळेचं पेन थांबलं. "म्हणजे राग असला की नाव बदलतं?"

"बदलतंच की. थोरले आपल्या भावाला एरवी 'अण्णा' म्हणतात. भांडले की 'तुमचे ते'. आणि फार खूश असले की 'दादा'."

"बारावा दादा?"

"तो वर्षातून एकदाच असतो गं," मावशी तिची समजूत घालत म्हणाल्या.

प्रयोगशाळेने कागदाची घडी केली. मनःस्थितीसाठी तिसरी मिती धरली तर कागद पुरणार नव्हता, आणि शुक्रवार तर मुळीच पुरणार नव्हता. "मावशी, हे यंत्राला नाही जमणार," ती हळूच म्हणाली. "मी उद्या थोरल्यांना खरं काय ते सांगते. माझंच चुकलं."

"चुकायचं काय त्यात? मला तरी पहिल्या वर्षी कुठे जमलं होतं," मावशी म्हणाल्या. मग काचेखालून तिकीट काढून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. "बदलून मिळतं का विचारायला हवं. पण पुढच्या आठवड्यात जाऊन काय करू? तोवर झालेलं असेल सगळं."

शुक्रवारी थोरल्यांसमोर प्रयोगशाळेने तोंड उघडलं, त्याच्या आत तिच्या साहेबांनी उघडलं. लिफ्टमधल्या पंचवीस मिनिटांत त्यांना एक कल्पना सुचली होती.

"मावशींच्या जागी यंत्र नको," ते म्हणाले. "यंत्रात मावशीच घालू! कुणीही रिसीव्हर उचलो, काहीही म्हणो, फोन जाईल मावशींच्या मोबाईलवर. त्या मुलीकडे असोत, दवाखान्यात असोत, चंद्रावर असोत. तिथून त्या जोडून देतील."

थोरल्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्या जातील पण आणि जाणार नाहीत पण?"

"अगदी बरोबर!"

थोरल्यांनी तिथल्या तिथे सही केली. मावशींना बोलावून आनंदाची बातमी सांगण्यात आली. मावशींनी ती ऐकून घेतली. "म्हणजे मी बाळंतिणीच्या खाटेशीही बोर्डावरच," त्या म्हणाल्या, आणि "बरं" म्हणून परत गेल्या.

संध्याकाळी प्रयोगशाळा त्यांना मोबाईल शिकवायला बसली. तिला त्यांच्याकडे नीट बघवत नव्हतं, म्हणून तिने जरा जास्तच तपशिलात शिकवलं. "इथे जोडायचं. इथे निरोप. आणि हा तुमच्या नावापुढचा ठिपका. हिरवा म्हणजे मोकळ्या. लाल केलात की यंत्र समोरच्याला सांगतं, 'व्यग्र आहेत', आणि इकडे वाजतच नाही."

"कधी लाल करायचा?"

"व्यग्र असाल तेव्हा. जे खरं असेल ते लावायचं."

"असं होय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा पुसून तो ठिपका पुन्हा एकदा नीट पाहिला. शनिवारी त्या गाडीत बसल्या.

बुधवारी कारखान्यातून तक्रार आली. यंत्र बिघडलं आहे. सोमवार सकाळपासून कुणीही रिसीव्हर उचलला की एकच वाक्य ऐकू येतं, 'मावशी व्यग्र आहेत'. साहेबांनी प्रयोगशाळेला ताबडतोब पिटाळलं. "काय वाट्टेल ते कर, पण हिरवा करून ये."

ती फाटकातून आत शिरली तेव्हा प्रेस धडधडत होता. ट्रक भरला जात होता. जिन्यात तिला एकामागून एक सात माणसं भेटली, आणि सगळी कुणाकडे तरी चालत निघाली होती. रिसीव्हर उचलायचा, 'व्यग्र आहेत' ऐकायचं, चार शब्द पुटपुटायचे आणि उठून समक्ष जाऊन सांगायचं, असा तिसऱ्या दिवसापर्यंत शिरस्ता पडला होता. थोरले स्वतः दोनदा खाली उतरले होते. मुलामा देणाऱ्या दादाने दाढी ठेवल्याचं त्यांना तेव्हाच कळलं. दाढी चार वर्षांची होती.

प्रयोगशाळेने जिन्यातूनच मावशींच्या खाजगी नंबरवर फोन लावला.

"हळू बोल गं," मावशी कुजबुजल्या. "आत्ता डोळा लागलाय."

"बाळाचा?"

"बाळाचा, तिच्या आईचा, आणि तुझा फोन आला नसता तर माझाही. मुलगी झाली. सोमवारी पहाटे."

"अय्या! अभिनंदन, मावशी! पण तुमचा ठिपका..."

"लाल आहे. मांडीवर साडेसहा पौंडांचा ऐवज घेऊन बसलेय. तूच सांग, कुठला लावू?"

प्रयोगशाळेने एकदा शास्त्रशुद्ध विचार केला. दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं. "लालच," ती म्हणाली.

थोरले खोलीत तिची वाटच बघत होते. "काय बिघाड आहे?"

"बिघाड नाही," ती म्हणाली. "यंत्र बरोबर सांगतंय. मावशी खरंच व्यग्र आहेत. नात झाली त्यांना."

"दोन महिने व्यग्र?"

"साधारण तेवढेच."

थोरले टेबलावरच्या नव्या फोनकडे पाहत राहिले. प्रयोगशाळेच्या डोळ्यांसमोर रद्द झालेला करार आणि तिचे साहेब असे दोघेही येऊन उभे राहिले. मग थोरले उठले, त्यांनी जाऊन खोलीचं दार लावलं, आणि परत येऊन आवाज खाली आणला.

"हा लाल ठिपका मावशींनाच मिळतो, की कुणालाही?"

"कुणालाही. पण माणूस खरंच व्यग्र हवा."

"मी असतो की," थोरले म्हणाले. "रोज दुपारी दोन ते चार. घरच्यांना ते पटत नाही, ते म्हणतात झोपतो. लावून द्या."